‘फाइल बदलली की मशीन हललं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

व्हर्च्युअल मशिनं (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी कॉम्प्युटर) एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर हलवण्याबद्दल मी लेख लिहिला; त्यावर तुम्ही कळवलंत, की डिस्कची फाइल बदलली की काम झालं. ती प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडलो, दुसऱ्यांदा एका मुद्द्यापाशी अडलो. तो मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

व्हीएमवेअरवरची व्हर्च्युअल मशिनं केव्हीएमवर (दोन्ही हायपरव्हायझर, म्हणजे अशी मशिनं चालवणारी सॉफ्टवेअरं) नेताना डिस्कची पूर्ण कॉपी होईपर्यंत मशीन बंदच ठेवावं लागतं, असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग (डिस्कचे कुठले तुकडे, म्हणजे ब्लॉक, बदलले याची नोंद) चालू केलं, की मशीन कामात असतानाच स्नॅपशॉटवरून (डिस्कची त्या क्षणी गोठवलेली अवस्था) मोठी कॉपी काढता येते. मग मधल्या वेळात बदललेले ब्लॉक न्यायचे, आणि शेवटी मशीन बंद करून उरलेसुरले. २ टीबीची डिस्क १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून न्यायला, सेकंदाला ११० एमबी धरले तरी, पाच तास लागतात. एवढे तास मशीन बंद ठेवा असं सांगणं म्हणजे लोकांची रात्र फुकट घालवणं. लेख दुरुस्त केला आहे.

पण याला तुम्ही ‘लाइव्ह मायग्रेशन’ म्हणता, ते नाही पटलं. लाइव्ह मायग्रेशनमध्ये मशीन पुन्हा बूट होतच नाही. मेमरी, प्रोसेसरची स्थिती, आभासी उपकरणांची स्थिती, सगळं चालत्या अवस्थेत पलीकडे जातं. व्हीएमवेअरच्या व्हीएमएक्सनेट-३ या आभासी नेटवर्क कार्डाची अर्ध्या कामातली अवस्था केव्हीएमच्या व्हर्टआयओ (केव्हीएमची आभासी उपकरणं) कार्डाच्या गळ्यात कशी बांधणार? एकाच हायपरव्हायझरच्या दोन सर्व्हरांमध्येही प्रोसेसरच्या पिढ्या जुळत नसल्या तर हे अडतं. घराणंच बदललं तर मशीन एकदा तरी बंद करून उठवावं लागतं.

आता तुमचा मुख्य आक्षेप. ‘साधी गोष्ट उगाच अवघड केली आहे. व्हीएमवेअरची व्हीएमडीके डिस्क-फाइल केव्हीएमच्या क्यूकाउ-२ प्रकारात बदलायची, नव्या मशीनला जोडायची, चालू करायचं. मी लिनक्सची १२ मशिनं अशीच हलवली.’ हलवली असणार, शंका नाही. एक अंदाज करू का? त्यांवर बहुधा डेबियन किंवा उबुंटू असावं. त्यांच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना सगळ्यात आधी चढणारी छोटी फाइल-प्रणाली) मूळ सेटिंगनुसार बहुतेक सगळे डिस्क ड्रायव्हर भरलेले असतात, त्यामुळे व्हर्टआयओची डिस्क समोर आली तरी ती बिचकत नाहीत. हेच रेड हॅटच्या घरातलं लिनक्स असलेल्या मशीनवर करून बघा. तिथे ड्रॅकट (इनिटरॅमएफएस बांधणारं साधन) ज्या हार्डवेअरवर चालतो त्यापुरतेच ड्रायव्हर भरतो. नव्या जागी मशीन उठतं, मूळ डिस्क शोधत बसतं, आणि काही मिनिटांनी इमर्जन्सी शेल (दुरुस्तीपुरती कमांड लाइन) हातात देतं. अशा वेळी बूट मेनूतली ‘रेस्क्यू’ची नोंद निवडायची. तिच्यात सगळे ड्रायव्हर असतात. आत शिरून इनिटरॅमएफएस नव्याने बांधलं की सुटलात. जुनं घर सोडण्याआधीच व्हर्टआयओचे ड्रायव्हर घालून बांधून ठेवलं तर आणखी बरं.

विंडोजची तऱ्हा वेगळी. बूट डिस्क थेट व्हर्टआयओवर टाकली तर निळा पडदा आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. म्हणून मी आधी ती डिस्क साटावर (विंडोजच्या ओळखीची साधी डिस्क-जोडणी) ठेवतो आणि सोबत १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओवर लावतो. विंडोज उठलं की त्या रिकाम्या डिस्कच्या निमित्ताने व्हर्टआयओचा ड्रायव्हर बसवून घेतो. मग मशीन बंद करून बूट डिस्कही व्हर्टआयओवर. जुगाड वाटेल, पण दगा देत नाही. व्हर्ट-व्ही२व्ही हे मशीन हलवायचं साधन वापरलंत तर ड्रायव्हर घालण्याचं काम ते परस्पर करतं. बायोसचं मशीन बायोसवरच आणि यूईएफआयचं यूईएफआयवरच (बूट करायच्या या दोन पद्धती) उठवायचं, हे तुम्हाला सांगायला नको. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर रिकव्हरी की आधी हातात घ्या, त्याची किल्ली सांभाळणारं आभासी टीपीएम डिस्कच्या फाइलमधून येत नाही.

न उठणाऱ्या मशीनची मला फारशी भीती वाटत नाही. ते निदान ओरडून सांगतं. भीती वाटते ती उठणाऱ्या मशीनची. जुन्या मशीनवर कधीकाळचा स्नॅपशॉट पडून असेल, आणि तुम्ही मोठी दिसणारी ‘फ्लॅट’ फाइल तेवढी उचललीत, तर स्नॅपशॉटनंतरचं सगळं मागे राहतं, कारण ते शून्य-शून्य-शून्य-शून्य-शून्य-एक अशा शेपटाच्या वेगळ्या फाइलीत असतं. मशीन छान उठतं, लॉगिन होतं, सगळे खूश. फक्त आतला डेटा त्या जुन्या दिवसाचा. म्हणून आधी स्नॅपशॉट एकत्र करायचे, मगच कॉपीला हात लावायचा.

माझाच एक किस्सा सांगतो, लेखात लाजेने टाळला होता. डेटाबेसचं एक लिनक्स मशीन नव्या प्लॅटफॉर्मवर नेलं, जुनं ‘राहू दे, परत फिरायची वेळ आली तर’ म्हणून तसंच ठेवलं. काही दिवसांनी वीज गेली. जुना सर्व्हर परत आला आणि त्याच्या ऑटोस्टार्टच्या (सर्व्हर चालू होताच आपोआप उठणाऱ्या मशिनांच्या) यादीत असलेलं ते जुनं मशीनही उठलं. तोच आयपी, तेच नाव. कुठल्या कॉम्प्युटरची गाठ कुठल्या मशीनशी पडेल याचा नेम नाही, त्यामुळे काही नोंदी नव्यात गेल्या आणि काही जुन्यात. कळलं तोवर दुपार झाली होती. दोन्हीकडच्या नोंदी हाताने जुळवत बसलो, तेव्हा फाइल बदलायची कमांड एका ओळीची आहे याचं काडीचंही कौतुक उरलं नव्हतं.

तेव्हा तुमच्या १२ मशिनांच्या जुन्या प्रती अजून ठेवल्या असतील, तर आज त्यांचं ऑटोस्टार्ट आणि नेटवर्क कार्डाची जोडणी दोन्ही बंद आहेत का, एवढं बघून घ्या. आणि त्यांवर खरंच डेबियन होतं का, तेही कळवा.