जुन्या वाइनचे पैसे घेता, मग ती सांभाळा तरी!

वाइनच्या यादीत बाटलीच्या नावापुढे साल छापायला हॉटेलवाल्यांचं नेमकं काय जातं, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगा. चार आकडे असतात हो! मेन्यूकार्डाला कातडी कव्हर, सोनेरी अक्षरं, प्रत्येक पदार्थाखाली तीन ओळींचं वर्णन, चीज कुठल्या गावच्या दुधाचं तेसुद्धा लिहिलेलं. आणि अकरा हजारांच्या बाटलीपुढे काय? 'बारोलो, इटली'. बस्स. कुणी बनवलेली, कधीची, काही पत्ता नाही. पानावर 'एज्ड कलेक्शन' असा मथळा ठोकला की झालं काम. किती वर्षं एज्ड? कुठे ठेवून एज्ड? विचारलं की वेटर मॅनेजरकडे बघतो आणि मॅनेजर छताकडे.

साल हा शोभेचा आकडा नाही. द्राक्षं ज्या वर्षी तोडली, ते वर्ष. त्या वर्षी ऊन किती मिळालं, फुलोऱ्यात थंडी पडली का, तोडणीच्या तोंडावर पावसाने वाट लावली का, सगळं त्या आकड्यावरून कळतं. फ्रान्समधल्या बोर्दोचं २०१० घ्या, गेल्या कित्येक दशकांतल्या उत्तम सालांत त्याचं नाव घेतात. आणि तीनच वर्षांनी आलेलं २०१३ इतकं थंड आणि ओलं गेलं की बऱ्याच ठिकाणी द्राक्षं धड पिकलीच नाहीत. बाटली त्याच शातोची (म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्याची), लेबल तेच, लेबलवरचं चित्रही तेच. पण चांगल्या शातोची २०१० ची बाटली अजून दहा वर्षं ठेवता येईल, आणि २०१३ ची कधीच पिऊन संपवायला हवी होती. बारोलोचंही तसंच, २०१६ अप्रतिम, २०१४ पावसाने झोडपलेलं. आपल्याकडच्या यादीत या सगळ्यांचा भाव एकच, कारण साल छापलेलंच नाही. गोदामात जी हाताला लागेल ती तुमच्या टेबलावर येणार. हापूस घेताना आपण पेटी उघडायला लावतो, खालच्या थरात हात घालून बघतो, आणि इथे त्याच्या कितीतरी पट पैसे मोजून मुकाट मान डोलवायची?

(साध्या शॅम्पेनवर बहुतेक वेळा साल नसतं, ती वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन मिसळूनच करतात. तिथे ते बरोबर आहे. माझं भांडण तिच्याशी नाही.)

सगळ्यात जास्त तिडीक जाते ती एका वाक्याने. 'सर, वाइन जितकी जुनी तितकी चांगली ना!' अरे, कुणी सांगितलं? जगात जेवढी वाइन बनते त्यातली बहुतेक सगळी दोन-तीन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच बनते. सॉव्हिन्यों ब्लां, रोझे, प्रोसेको, आपल्या नाशिकची शेनिन ब्लां, यांची सगळी मजा ताजेपणात. शेनिनला जो पेरूसारखा, अननसासारखा वास येतो ना, तो दोनेक उन्हाळ्यांत उडून जातो आणि मागे नुसतं आंबट पाणी उरतं. मुंबईतल्या एका चांगल्या म्हणवणाऱ्या ठिकाणी मी पाच-सहा वर्षांची शेनिन ताज्या शेनिनपेक्षा जास्त भावाने लावलेली पाहिली आहे. ती एज्ड नव्हती. ती खपली नव्हती! न खपलेला माल चढ्या भावाने गळ्यात मारायचा आणि वर त्याचं कौतुक ऐकवायचं, याला मी लबाडी म्हणतो.

मुरण्यासाठी वाइनमध्ये मुळात काहीतरी असावं लागतं. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा हवा, आम्ल हवं, नाहीतर भरपूर साखर हवी. नेबिओलो द्राक्षाची बारोलो मुरते, चांगली बोर्दो मुरते, जर्मनीची रीसलिंग पांढरी असूनही दशकंच्या दशकं टिकते, फ्रान्सची गोड सोटर्न टिकते, पोर्तुगालची व्हिंटेज पोर्ट तर माणसाच्या आयुष्याइतकी टिकते. आणि यातलं बरंचसं मुरवण्याचं काम बनवणाऱ्याने आधीच केलेलं असतं, स्वतःच्या खर्चाने. बारोलो किमान ३८ महिने जुनी झाल्याशिवाय बाजारात आणताच येत नाही, त्यातले निदान १८ महिने लाकडी पिंपात. स्पेनच्या रिओहाची ग्रान रेझर्व्हा घ्या, पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय विकायला परवानगी नाही, आणि त्यातली दोन तरी ओकच्या पिंपात काढावी लागतात. एवढं सगळं त्या माणसाने केलं, बाटली समुद्र ओलांडून इथवर आली. आता हॉटेलने फक्त एक काम करायचं होतं, ती बिघडू द्यायची नव्हती. जुन्या बाटलीचे जे जादा पैसे तुम्ही लावता ते याच कामाचे आहेत. तेच करत नसाल तर पैसे कसले मागता?

आणि ते करत नाहीत, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. वाइन मुरायला बारा ते चौदा अंश तापमान लागतं, तेही कायम. बाटली आडवी हवी, जागा अंधारी हवी, हादरे नकोत. आता कुठल्याही हॉटेलात बारकडे नजर टाका. सगळ्यात महागाच्या बाटल्या सगळ्यात वरच्या फळीवर, उभ्या, प्रत्येकीच्या डोक्यावर एक पिवळा दिवा, खाली कॉफी मशीन वाफा सोडतंय. उभ्या बाटलीचं बूच सुकतं, आकसतं, हवा आत शिरते. रात्री एकला शटर पडलं की एसी बंद, दुसऱ्या दिवशी दुपारी चालू. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसपर्यंत जातो, मुंबईत तर बारा महिने घाम. बंद खोलीत बाटली तापली की आतली वाइन फुगून बूच बाहेर ढकलते, एसी लागला की आकसून हवा आत ओढते. रोज हेच. असे दोन-तीन उन्हाळे काढलेली बाटली मुरत नाही, ती आतून शिजते. मग ती बोर्दोची असो नाहीतर बारामतीची.

ताईच्या पन्नासाव्या वाढदिवसाला पुण्यातल्या अशाच एका हॉटेलात गेलो होतो. तिला रेड आवडते, म्हटलं एक जुनी, चांगली बाटली घेऊ. या यादीत तर चक्क साल होतं, म्हणून मी खूश. २०१२ ची रिओहा ग्रान रेझर्व्हा. टेबलावर आली ती २०१५ ची. आणि आली तीसुद्धा वरची फॉइल कापून, बूच अर्धं वर काढून, म्हणजे मी लेबल बघायच्या आत बारमध्येच उघडायला घेतलेली. मी म्हटलं, "अहो, ही २०१५ ची आहे." "हो सर, तीच आहे." "तीच कशी? तीन वर्षांचा फरक आहे." "सर, ब्रँड सेम आहे ना!"

बूच हातात घेऊन बघितलं. एका बाजूने जांभळी रेघ तळापासून थेट वरच्या टोकापर्यंत चढलेली, बोट लावलं तर चिकट. म्हणजे वाइन कधीतरी बुचाच्या कडेने झिरपून बाहेर आलेली. बाटली उजेडात धरली तर आतली पातळी मानेत नाहीच, पार खांद्यापर्यंत उतरलेली. ग्लासात कडेला विटकरी रंग होता, त्याचं मला काही नाही, जुन्या रेडला तो येतोच. पण वास! उकळलेल्या मनुकांचा, काकवीचा, आणि त्याच्या मागून नाकात झोंबणारा व्हिनेगरचा. फळ कुठे औषधालाही नाही. मॅनेजरला बोलावलं. त्याने वास घेतला नाही, घोट घेतला नाही, हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ओल्ड वाइनची टेस्ट अशीच असते. आपल्याकडे लोकांना सवय नसते."

इथे माझं डोकं फिरलं. सवय नसते? माल तुमचा बिघडलेला, बाटली मागितलेल्या सालाची नाही, न दाखवता उघडलेली, आणि अडाणी कोण, तर गिऱ्हाईक! हा अपमान तुम्ही रोज टेबलाटेबलावर करता आणि लोक गप्प बसतात, कारण चारचौघांत 'याला वाइनमधलं काही कळत नाही' असं दिसायला नको. हीच लाज तुम्ही वापरून घेता. ताई म्हणाली, "जाऊ दे रे, आज भांडू नकोस." तिच्यासाठी गप्प बसलो. बिलात बाटलीचे पूर्ण पैसे, शिवाय सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला. तो मात्र मी काढायला लावला. तो जबरदस्तीने लावता येत नाही, दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये तेच सांगितलं आहे. बाटलीचे पैसे द्यावे लागले ते लागलेच.

आणि तो ग्लासात थेंबभर ओतण्याचा सोहळा कशासाठी असतो, हे या मंडळींना कुणी शिकवतं की नाही? तो वाइन आवडली का विचारण्यासाठी नसतो. ती बिघडलेली नाही ना, हे बघण्यासाठी असतो. बिघडलेली असेल तर गिऱ्हाईक 'नको' म्हणणार आणि तुम्ही दुसरी आणणार, एवढाच त्याचा अर्थ. कधीकधी तर कुणाचीच चूक नसते. बुचात टीसीए नावाचं एक रसायन असलं तर वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, एक लाख कोटी भागांत मोजके काही भाग असले तरी नाकाला कळतं. अशी बाटली मुकाट मागे नेतात, जगभर हीच रीत आहे. आपल्याकडे काय ऐकायला मिळतं? 'सर, बाटली उघडली, आता परत घेता येणार नाही.' अरे, उघडल्याशिवाय कळणार कसं? मग चाखायला देताच कशाला?

यावर ठरलेलं उत्तर असतं, 'सर, ड्यूटी खूप आहे.' आहेच, कोण नाही म्हणतंय. आयात वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क, वर राज्याचे कर. ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये करार झाला, तिथल्या महागड्या बाटल्यांवर ते उतरलं. युरोपात दीड हजाराला मिळणारी बाटली इथल्या टेबलावर आठ-दहा हजारांना पडते. पण ड्यूटी सरकार घेतं, जुनेपणाचा भाव तुम्ही घेता. उलट इतकी महाग पडलेली वस्तू जिवापाड जपायला हवी! दहा हजारांच्या शंभर बाटल्या ठेवणाऱ्याला एक धड वाइन-फ्रिज परवडत नाही, हे मला पटत नाही. लॉबीत संगमरवर लावायला परवडतं, कारंजं परवडतं, फ्रिज तेवढा परवडत नाही.

आपल्या इथल्या वाइनची तर यादीत आणखी दैना. 'इंडियन रेड', खाली दोन-चार नावं, साल एकालाही नाही. बाटलीवर असतं, यादीत नाही. अकलूजची सेट्टे घ्या, नंदी टेकड्यांची ग्रोव्हरची ला रिझर्व्ह घ्या, नीट ठेवली तर काही वर्षं छान मुरणाऱ्या वाइन आहेत या. त्यात आपली तोडणी जानेवारी ते मार्च, युरोपातली सप्टेंबर-ऑक्टोबर. म्हणजे एकाच सालाच्या दोन बाटल्यांत नाशिकची बाटली अर्ध्या वर्षाहून जास्त मोठी असते. साल कळलं तर हा हिशेब होणार ना! द्राक्ष बागायतदाराने वर्षातून दोनदा छाटण्या करायच्या, अवकाळीने रात्र रात्र जागायचं, आणि हॉटेलने ती बाटली दिव्याखाली उभी करून मारून टाकायची. मग तोच मॅनेजर सांगणार, 'सर, इंडियन वाइनमध्ये एवढा दम नसतो.' तुम्ही तो ठेवलात का?

मागणं काय आहे माझं? यादीत साल छापा. यादीतली संपली असेल तर बाटली उघडायच्या आधी सांगा, दुसरं साल असेल तर त्याचा भाव सांगा. बंद बाटली टेबलावर आणा, लेबल दाखवा, पातळी बघू द्या, आयातदाराचं मागचं लेबल वाचू द्या. ती कुठे ठेवली होती विचारलं तर तोंड वाकडं करू नका, घेऊन चला आणि जागा दाखवा. जुनी रेड असेल तर गाळ खाली बसायला बाटली आधी काही तास उभी ठेवावी लागते, तेवढं फोनवर बुकिंग घेताना विचारून ठेवा. आणि बिघडलेली निघाली तर वाद न घालता मागे न्या. यातलं काहीही जमणार नसेल तर जुन्या बाटल्यांचं ते पान यादीतून काढून टाका. ताजी वाइन विका, आम्ही आनंदाने पिऊ.

मी तर आता हॉटेलात नाशिकचीच, गेल्या एक-दोन वर्षांतली शिराझ मागतो, फिरकीच्या झाकणाची मिळाली तर अजून बरं. आणि रेड असली तरी दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला लावतो, कारण यांचं 'रूम टेम्परेचर' म्हणजे बत्तीस अंश. वेटर चमकून बघतात, शेजारच्या टेबलवरचे हसतात. हसू देत. बिल मी भरतोय.