टेम्पल ग्रॅन्डिन आणि ‘ऑटिझम बरे करणारे यंत्र’ : एक खुलासा

अमेरिकेतील पशुविज्ञानतज्ज्ञ टेम्पल ग्रॅन्डिन यांचा ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, त्यांनी स्वतः बनवलेल्या ‘मिठी यंत्रा’मुळे बरा झाला आणि म्हणूनच त्या प्राध्यापक होऊ शकल्या, असा मजकूर पालकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे.

ग्रॅन्डिन यांचा जन्म १९४७ चा. सुमारे साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलत नव्हत्या, आणि बोलू लागल्या त्या वाचा-उपचार व आईची चिकाटी यांच्या बळावर. यंत्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते. लसीकरणासाठी गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या ज्या चापात उभे करतात, त्यात काही जनावरे शांत होतात, हे अ‍ॅरिझोनातील मावशीच्या गोठ्यावर पाहून त्यांनी वयाच्या अठराव्या वर्षी स्वतःसाठी तसाच लाकडी चाप उभारला; हेच ते ‘मिठी यंत्र’. त्याच्या दाबाने त्यांची घबराट कमी होत असे, एवढेच. पुढे त्यासाठी त्यांनी औषधेही घेतली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे (फिरणाऱ्या मजकुरातून नेमके हेच गळले आहे).

ग्रॅन्डिन आजही स्वमग्नच आहेत. १९८९ मध्ये इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठात शिकवू लागल्या. गुरे सावली, लोंबती साखळी किंवा चकाकी पाहून का बुजतात, हे त्यांना चित्रांतून विचार करण्याच्या सवयीमुळे उमगले. मात्र प्रत्येक स्वमग्न व्यक्ती असाच विचार करते, हे आपले सुरुवातीचे मत त्यांनी नंतर स्वतःच दुरुस्त केले. त्यामुळे त्यांचे उदाहरण देऊन ‘हमखास इलाजा’ची यंत्रे विकणाऱ्यांना या कथेत कोणताही आधार नाही.