‘एआय कधीच खोटे बोलत नाही’ या संदेशाचा समाचार

‘एआय कधीच खोटे बोलत नाही’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. त्यातील दावे थोडक्यात असे: एआय हे यंत्र असल्यामुळे त्याला स्वार्थ नाही, म्हणून ते खोटे सांगत नाही, जगातील सारे ज्ञान तपासूनच ते उत्तर देते, माणसांसारखा भेदभाव करत नाही, शंका आलीच तर त्यालाच ‘हे नक्की ना’ असे विचारावे, ते स्वतःची चूक शोधून देते, आणि एवढे करूनही काही चुकले तर कंपनी जबाबदार असतेच. एरवी असले संदेश मी न वाचताच काढून टाकतो. हा मात्र माझ्या आत्याने मनावर घेतला. ती रक्तदाबाची गोळी घेते. कंबरदुखीसाठी त्याबरोबर आयबुप्रोफेन घेतले तर चालेल का, हे तिने डॉक्टरांऐवजी चॅटबॉटला विचारले. ‘चालेल’ असे उत्तर आले. ‘नक्की ना?’ या प्रश्नावर ‘होय, नक्की’ असे आश्वासनही मिळाले आणि तिच्यापुरता विषय संपला.

त्यामुळे सुरुवात ‘शंका आली तर त्यालाच विचारा’ या चौथ्या मुद्द्यापासूनच करतो. सर्वांत हास्यास्पद तो आहे आणि सर्वांत घातकही तोच आहे. ज्याच्या बोलण्याविषयी शंका आहे त्यालाच साक्षीला बोलावण्याचा हा उपाय न्यूयॉर्कच्या एका वकिलाने करून पाहिलेला आहे, आणि त्याचे पुढे काय झाले हे न्यायालयाच्या आदेशात सविस्तर नोंदलेले आहे. आविआन्का या विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात, विमानातील ट्रॉली लागून गुडघ्याला दुखापत झाल्याची तक्रार करणाऱ्या प्रवाशाच्या बाजूने, या वकिलाने चॅटजीपीटीकडून जुने निवाडे मिळवले आणि ते युक्तिवादात दाखल झाले. विरुद्ध बाजूच्या वकिलांना त्यांतील काही निवाडे कुठेच सापडेनात. दरम्यान या वकिलाने ‘वर्गीस विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स’ हा खटला खरा आहे का, असे चॅटजीपीटीलाच विचारून घेतले होते. उत्तर ठाम होकारार्थी आले, इतकेच नव्हे तर वेस्टलॉ आणि लेक्सिसनेक्सिस या कायदेविषयक संग्रहांत तो मिळेल, असेही त्याने सांगितले. तो तिथे नव्हता, कारण असा खटला कधी झालाच नव्हता. असे एकूण सहा निवाडे बनावट निघाले. जून २०२३ मध्ये न्यायाधीश केविन कास्टेल यांनी संबंधित वकिलांना व त्यांच्या संस्थेला मिळून ५,००० डॉलर दंड केला आणि ज्या खऱ्या न्यायाधीशांच्या नावावर हे निवाडे खपवले गेले होते, त्यांना पत्रे पाठवून हा प्रकार कळवण्याचा आदेश दिला.

हे असे का होते, ते समजणे अवघड नाही. आधीच्या मजकुरानंतर कोणते शब्द येणे संभवनीय आहे, याचा अंदाज बांधत हे यंत्र वाक्य रचत जाते. ‘नक्की ना?’ असे विचारल्यावर ते कपाटातून पुस्तक काढून पुन्हा पाहत नाही. पहिले उत्तर ज्या रीतीने तयार झाले, त्याच रीतीने ‘होय, नक्की’ हेही तयार होते. उलट ‘मला हे पटत नाही’ असे लिहून पाहावे. पुष्कळदा ते क्षमा मागून उत्तर फिरवते आणि पहिले उत्तर बरोबर होते असे आपण म्हणालो की पुन्हा मूळ पदावर येते. याला चूक शोधणे म्हणायचे असेल तर होयबा कशाला म्हणायचे?

आत्याच्या बाबतीत तर प्रश्नच अपुरा होता. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांमुळे रक्तदाब वाढू शकतो, रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो आणि काही गोळ्यांबरोबर मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. त्यामुळे गोळी कोणती, मूत्रपिंडे कशी आहेत, औषध किती दिवस घ्यायचे आहे, हे डॉक्टर आधी विचारतात. चॅटबॉटने यांतले काहीही न विचारता ‘चालेल’ म्हटले.

पहिल्या मुद्द्यात निम्मे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. फसवण्याचा हेतू यंत्राला नसतो. पण हेतूविना दिलेल्या चुकीच्या माहितीने होणारे नुकसान त्यामुळे कमी होत नाही, आणि यंत्र निःस्वार्थी असले तरी ते बनवणाऱ्या कंपन्या धर्मादाय संस्था नाहीत. दुसऱ्या मुद्द्याविषयी एवढेच, की आता अनेक चॅटबॉट इंटरनेटवर शोध घेऊन दुवे देतात आणि ही सोय खरोखरच उपयोगी आहे. मात्र तो दुवा उघडून वाचण्याचे काम आपलेच राहते. गूगलच्या एआय सारांशाने मे २०२४ मध्ये पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळण्याचा सल्ला दिला होता, आणि तो रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या जुन्या थट्टेतून उचललेला असल्याचे दिसून आले होते.

भेदभावाचा मुद्दा फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. अ‍ॅमेझॉनने उमेदवारांचे अर्ज चाळण्यासाठी तयार केलेली प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखू लागली होती, कारण ती ज्या जुन्या अर्जांवरून शिकली ते बहुतांश पुरुषांचे होते. कंपनीला ती गुंडाळावी लागली, आणि ही बातमी २०१८ सालची आहे.

राहिली कंपनीची जबाबदारी. बहुतेक चॅटबॉटच्या खिडकीखालीच बारीक अक्षरांत लिहिलेले असते की उत्तरांत चुका असू शकतात, महत्त्वाची माहिती तपासून घ्यावी. संदेश लिहिणाऱ्याने ती ओळ वाचलेली दिसत नाही. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला नातेवाइकाच्या निधनानंतरच्या सवलतीचा नियम चुकीचा सांगितला, तेव्हा चॅटबॉट आपल्या कृतीला स्वतः जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव कंपनीने केला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने तो फेटाळून प्रवाशाला भरपाई देवविली, हे खरे. पण तिथे कंपनीच्याच संकेतस्थळावर कंपनीचाच नियम चुकीचा सांगितला गेला होता, आणि नुकसान तिकिटाच्या पैशांचे होते. आत्याच्या मूत्रपिंडांची भरपाई कोणत्या न्यायाधिकरणाकडे मागायची, हे त्या संदेशात कुठेही लिहिलेले नाही.