खात नाही म्हणजे नखरे नाहीत, आजारी आहे ते!

"भूक लागली की खाईल गं." हे वाक्य आता मला परत कुणी ऐकवू नका, हात जोडते. नाही खाणार ते! कासवाचं पिल्लू आहे, पानावरनं रुसून उठलेलं पोर नाहीये की दोन तासांनी गपचूप येऊन वरणभात मागेल. त्याचे दोन्ही डोळे सुजून बंद झालेत, नाकातनं बुडबुडे येतायत, पोहताना एका बाजूला कलतंय, आणि लोक मला सांगतायत थांब जरा, मूड नसेल. कसला मूड? पाण्यातलं कासव बघून खातं, डोळे उघडत नसतील तर समोर काय पडलंय ते त्याला कळतच नाही, आणि अंग गार पडलेलं असेल तर भूकच मरते, जबरदस्तीने पोटात घातलेलंही पचत नाही. ते हट्ट करत नाहीये, आजारी आहे ते. एवढं समजायला डॉक्टर व्हायला लागत नाही, पण ज्याला सांगावं तो खांदे उडवतो.

हे पिल्लू भाच्याच्या वाढदिवसाला भावोजींच्या एका मित्राने गिफ्ट दिलं. गिफ्ट म्हणून जिवंत प्राणी देतात लोक, समोरच्याला विचारतही नाहीत! ताईच्या घरी दिवसभर कुणी नसतं म्हणून ते आमच्याकडे विक्रोळीला आलं, सोबत तो हँडलवाला प्लास्टिकचा डबा, त्यात प्लास्टिकचं नारळाचं झाड, आणि सुक्या झिंग्यांची एक पुडी. डोळ्यामागे लाल पट्टा, हिरवंगार, अंगठा नि बोट जोडून गोल केला तर त्यात मावेल एवढं. भाच्याने नाव ठेवलं मन्या. पहिल्यांदा पाण्यात सोडलं तेव्हा इतकं पळत होतं इकडनं तिकडे, आई सुद्धा स्वयंपाक सोडून बघत बसली होती.

ज्या दुकानातनं ते घेतलं तिथे काय सांगितलेलं माहितीये? "काही लागत नाही, पाणी बदला, चार दाणे टाका, एवढंच राहतं." यातलं एक अक्षर खरं नाही. एवढंच राहतं?? हा रेड इअर्ड स्लायडर जातीचा आहे, मादी असली तर पाठ फूटभर होते, आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. भाचा आज दुसरीत आहे, म्हणजे त्याच्या लग्नात सुद्धा मन्या असणार! त्या डब्यात? त्या डब्यात त्याला दोन फुटं सरळ पोहता येत नाही. आणि ते सुके झिंगे, ते म्हणजे आपल्या मासळी बाजारातला जवळाच समजा, नुसत्या त्याच्यावर ठेवलं की व्हिटॅमिन ए मिळत नाही, डोळे सुजायला लागतात, मग दिसत नाही, मग खात नाही, मग अजून कमी पडतं. म्हणजे जे खाणं म्हणून विकलं त्यानेच ते खायचं बंद झालं. हे मी शोधून काढलं रात्री जागून. दुकानदाराने सांगायला काय जात होतं?

आणि ऊन! सगळ्यात मोठा मुद्दा हा आहे आणि हाच कुणी सांगत नाही. कासव स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवू शकत नाही. पिल्लाला पाणी २६ ते २८ डिग्री लागतं, आणि पाण्याबाहेर चढून बसायला कोरडी जागा लागते जिथे ३०-३२ डिग्री ऊब मिळेल, आणि वरनं यूव्हीबी, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण, लागतं, ते नसेल तर अंगात व्हिटॅमिन डी३ बनत नाही, डी३ नाही तर कॅल्शियम लागू पडत नाही आणि कवच मऊ पडतं. बरं खिडकीत ठेवा म्हणणारे पण आहेत. खिडकीच्या काचेतनं यूव्हीबी येतच नाही! उजेड येतो, आणि बंद डब्यात पाणी तापलं तर पिल्लू शिजून मरेल ते वेगळंच. आणि आत्ता ऑगस्ट चालू आहे, मुंबईत ऊन आहे कुठे? सकाळी कपडे वाळत घातले तर रात्री तसेच ओले, समोरची बिल्डिंग दिसत नाही अशी झड, आणि हे कासवाचं दुकान मात्र भर पावसाळ्यात थंड पाण्यात पिल्लं एकावर एक चढवून विकतंय.

मी गेले परत त्या दुकानात. नीट बोलले, शांतपणे सांगितलं की बाबा हे आजारी आहे, डोळे बघ त्याचे. त्याने डब्यात डोकावलं पण नाही. म्हणाला, "बदलून घ्या ना मॅडम, त्यातलं कुठलं पण घ्या." बदलून घ्या! मी विचारलं मग याचं काय करणार तुम्ही, तर उत्तर नाही, मोबाईल बघायला लागला. मला तिथेच ओरडायचं होतं. त्या काचेच्या टाकीत तळाशी अजून दोन-तीन पिल्लं डोळे मिटून पडलेली होती, मी स्वतः बघितली, आणि शेजारी एक शाळेतला मुलगा बाबांकडे हट्ट करत होता की मला पण पाहिजे. मी त्या बाबांना सगळं सांगितलं तिथेच उभं राहून, दुकानदाराच्या तोंडावर. ते गेले न घेता. एवढं एकच बरं झालं त्या दिवशी.

राग याचा येतो की हे सगळं राजरोस चालतं. आपलं देशी स्टार कासव विकताना पकडलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आत टाकतात, मग लपूनछपून का होईना, भीती तरी असते. हा स्लायडर अमेरिकेचा, म्हणून त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. २०१८ मध्ये पेट शॉपसाठी नियम आले, रजिस्ट्रेशन लागतं, पण त्या दुकानाच्या भिंतीवर मला एकही कागद दिसला नाही. आणि खुद्द अमेरिकेत १९७५ पासून चार इंचाहून छोट्या कवचाचं कासव पाळायला म्हणून विकायला बंदी आहे, कारण कासवांच्या अंगावरच्या साल्मोनेला जंतूने लहान मुलं आजारी पडत होती, पोरं ती छोटी कासवं तोंडात घालायची. जिथलं हे कासव तिथे या साइजचं विकता येत नाही, आणि आपल्याकडे वाढदिवसाला! हात साबणाने धुवा एवढं तरी सांगतात का? भाचा त्याला पापी द्यायचा रोज. हे वाचल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

मग बल्ब. लोहार चाळीत गेले, म्हटलं दिव्यांचं एवढं मोठं मार्केट, मिळेल काहीतरी. एकाने जांभळा बल्ब दाखवला, "हाच यूव्ही, मच्छर पण येतो याच्यावर." दुसऱ्याने जंतू मारायची नळी काढली, कोविडमध्ये लोक घेत होते ती. अहो ती यूव्हीसी असते, ती लावली तर आधीच सुजलेले डोळे कायमचे जातील! त्याला म्हटलं यूव्हीबी, बी, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा, तर म्हणे "सगळं सेम असतं, तुम्ही घेऊन तर जा." सेम नसतं. लोक बिनधास्त काहीही विकतात आणि वर ठामपणे बोलतात, याचा मला प्रचंड त्रास होतो. शेवटी नीट बल्ब ऑनलाइन मागवला, आणि तो येईपर्यंत ऊब तरी मिळावी म्हणून मोठ्या टबात हीटर आणि वर साधा पिवळा बल्ब, बाजूला थर्मामीटर, आणि मी दर थोड्या वेळाने उठून आकडा बघत बसलेली.

आणि डॉक्टर! एवढी मोठी मुंबई, गल्लीगल्लीत कुत्र्यांचं पार्लर आहे, कुत्र्याला शाम्पू आणि नखं आणि वाढदिवसाचा केक मिळतो, पण कासव बघणारा डॉक्टर शोधायला फोन करून करून घसा बसला. "आम्ही फक्त डॉग-कॅट बघतो." ठीक आहे, हे प्रामाणिक उत्तर आहे, यांच्यावर माझा राग नाही. राग त्यांच्यावर आहे जे बघत नाहीत पण फोनवर औषध सांगतात. एकाने सांगितलं मल्टिव्हिटॅमिनचे थेंब पाण्यात टाका. पाण्यात टाकून त्याच्या पोटात किती जाणार आहे? एक जण वजन न करता थेट व्हिटॅमिन एचं इंजेक्शन द्यायला निघाला होता. जास्त झालं तर कातडी सोलून निघते त्याने! मी वजन किती धरलं विचारलं तर चिडला माझ्यावर, तुम्हीच डॉक्टर आहात का म्हणाला. पिल्लू उचललं आणि निघाले, तपासणी फी घेतलीच त्याने तरी.

कासवं बघणारी एक डॉक्टर शेवटी अंधेरीला सापडली. विक्रोळीहून रिक्षा, जेव्हीएलआर म्हणजे तो जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, मेट्रोच्या कामाने अर्धा रस्ता खाल्लेला, पवईपासून पुढे गाडी हलत नव्हती, आणि मी मांडीवर डबा धरून, टॉवेल गुंडाळून, आतला थर्मामीटर बघत. पण त्या बाईंनी नीट बघितलं. आधी छोट्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन, मग कवच दाबून बघितलं, तोंड उघडून बघितलं. छातीत इन्फेक्शन सुरू झालंय म्हणाल्या, म्हणून कलतंय. इंजेक्शन पुढच्या पायाच्या बाजूला दिलं, कारण मागच्या पायातलं रक्त आधी किडनीत जातं आणि औषध वाया जातं किंवा किडनीला त्रास होतो, असं समजावून सांगितलं. एवढुशा पायाला सुई लावताना माझे डोळे भरले. त्यांनी एकच विचारलं, "आधी का नाही आणलं?" काय सांगणार होते मी, की अख्खं शहर मला भूक लागली की खाईल म्हणत होतं?

घरी आल्यावर परत सुरू. शेजारच्या काकू म्हणतात भाताचं शीत टाक. मामा म्हणतो पनीर दे, प्रोटीन असतं. कुणीतरी हळद आणि खोबरेल तेल डोळ्यात घालायला सांगितलं. कासव आहे ते, डोळ्यात तेल घालून काय होणार? ऑफिसमधली एक म्हणे कासव घरात असणं चांगलं असतं, लक्ष्मी येते, देवळात नाही का गाभाऱ्यासमोर असतं. अगं देवळातलं दगडाचं असतं! त्याला न्यूमोनिया होत नाही! या एका समजुतीपायी किती जणांनी ही पिल्लं आणून डब्यात मारलीयत कुणास ठाऊक, आणि मेलं की म्हणतात घरावरचं संकट त्याने घेतलं. संकट घेत नाही ते, थंडीने आणि उपासाने मरतं.

आणि सगळ्यात वाईट सल्ला: सोडून दे पवई तलावात, नाहीतर बाणगंगेत, पुण्य लागेल. आजारी, डोळे मिटलेलं, धड बुडी मारता न येणारं पिल्लू तलावात सोडायचं, ज्या तलावात मगरी आहेत! समजा जगलं तरी, जगातल्या सगळ्यात त्रासदायक परक्या प्राण्यांच्या शंभरात या स्लायडरचं नाव आहे, आपल्या देशी कासवांची जागा आणि खाणं हेच खातं. लोकांना पुण्य पाहिजे, पण घरात टब ठेवायला जागा नको.

आईचं सुद्धा ऐकून घेते मी. "माणसांना औषध मिळत नाही आणि तू कासवाला अंधेरीला नेतेस." पण तीच रात्री उठून बल्ब चालू आहे का बघते, हेही मला माहितीये, त्यामुळे तिला काही बोलत नाही. भाचा रोज फोन करतो, मावशी मन्याने खाल्लं का. त्याला खोटं सांगवत नाही आणि खरं सांगताना माझा आवाज कापतो. डॉक्टरांनी सांगितलंय तसं कोमट पाण्यात भिजवते, डोळे हलक्या हाताने पुसते, मग भिजवलेला पेलेटचा (कासवाच्या तयार खाण्याच्या गोळीचा) तुकडा चिमट्याने तोंडासमोर हळूहळू हलवते, पाण्यातच, कारण पाण्याबाहेर यांना गिळता येत नाही. काल उजवा डोळा थोडा उघडला होता. तोंड मात्र नाही उघडलं.

आणि आज सकाळी तो भावोजींचा मित्र, ज्याने हे गिफ्ट दिलं, त्याचा फोन. मला वाटलं चौकशी करेल. म्हणाला, "एकटं आहे म्हणून खात नसेल, जोडीला अजून एक घेऊन येऊ का, दुकानदार कमी किमतीत देतोय." मी सरळ सांगितलं, आणलंस तर दारातनं आत घेणार नाही तुला, आणि अंधेरीच्या डॉक्टरचं बिल पाठवते, ते भर आधी. त्याला राग आला म्हणे. ताईचा फोन आला लगेच, असं बोलायचं असतं का. हो, असंच बोलायचं असतं!