सोवळ्यातला बंडू

आमच्या घरात कधीच आंघोळ न करणारा आणि तरीही अंगाला कसलाही वास न येणारा एकच जण आहे. तो सव्वाचार फूट लांब आहे, रंगाने नारिंगी आहे आणि त्याच्या पोटावर बुद्धिबळाचा पट छापलेला आहे. मुलाने त्याचं नाव ‘नूडल’ ठेवलं होतं. माझ्या तोंडी बसलं ते बंडू.

बंडू कॉर्न स्नेक आहे. मूळ गाव अमेरिकेचा आग्नेय भाग, जात बिनविषारी, हल्ली मुक्काम इंग्लंडात रेडिंगला, आमच्या जिन्याशेजारच्या खोलीत. सोळाव्या वाढदिवसाला मुलाने हट्ट धरला तेव्हा म्हणाला होता, “आई, तुला काहीसुद्धा करावं लागणार नाही.” आता तो एडिंबरोला नोकरी करतो आणि त्याच्या भाड्याच्या खोलीत पाळीव प्राणी चालत नाहीत. कॉर्न स्नेक १५-२० वर्षं सहज जगतो, ही माहिती मला तो गाडीत बॅगा भरत असताना मिळाली.

‘साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला.’ म्हणीच्या उत्तरार्धाचा पुरावा मला दर शनिवारी सकाळी मिळतो. बंडूची पेटी साफ करायची म्हटलं की नवऱ्याला मागच्या अंगणातलं गवत कापायचं आठवतं. जानेवारीतसुद्धा आठवतं.

खरं सांगायचं तर बंडू स्वतः कमालीचा स्वच्छ आहे. त्याला न्हाऊ-माखू घालावं लागत नाही. आठवड्याला एक उंदीर खातो, दोन-तीन दिवसांनी एकदा विधी उरकतो, संपलं. तो विधीही कसा, तर थोडं तपकिरी आणि सोबत खडूसारखा पांढरा गोळा. साप आपल्यासारखी लघवी करून पाणी वाया घालवत नाहीत, ती अशी घट्ट करून टाकतात. पेटीत खाली ॲस्पेन लाकडाचा भुसा असतो, त्यातून घाणीपुरता भाग चमच्याने उचलला की काम झालं. देवदाराचा भुसा मात्र चालत नाही, त्यातलं सुगंधी तेल सापांना बाधतं. मी आधी तोच आणला होता. वास छान येतो म्हणून.

पण भुसा सोडून पाण्याच्या वाडग्यातच विधी उरकायचा, हा बंडूचा आवडता उद्योग. एवढी ४ फुटांची पेटी, त्यात लपायला दोन गुहा, चढायला फांदी. पण साहेबांना पाणवठाच लागतो. म्हणजे वाडगा बाहेर, भुसा बाहेर, फांदी बाहेर आणि त्याआधी खुद्द बंडू बाहेर.

बाहेर काढायचं तर जेवणानंतर ४८ तास त्याला हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं परत येतं. (ते मी एकदा पाहिलं आहे. त्या दिवशी मी जेवले नाही.) म्हणून उंदीर बुधवारी, सफाई शनिवारी. सफाई होईपर्यंत त्याला झाकणाच्या डब्यात ठेवते. एकदा झाकण शोधत होते, तेवढ्यात तो माझ्या स्वेटरच्या बाहीत शिरला आणि थेट खांद्यापर्यंत गेला. मराठीत अस्तनीत निखारा असतो, हिंदीत साप. हिंदीवाल्यांचं निरीक्षण अचूक आहे. आत गार लागतं, भाजत नाही.

माझा खरा घोळ झाला तो डेटॉलने. आमच्या पिढीला डेटॉलचा वास आल्याशिवाय काही स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही. पहिल्या शनिवारी मी बादलीत दोन झाकणं ओतली आणि फोनवर मुलगा किंचाळला. तसली जंतुनाशकं सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी असतात. त्यांचं वेगळं द्रावण मिळतं. ते मोजून पाण्यात मिसळायचं, फवारून थोडा वेळ थांबायचं, पुसायचं, पेटी पूर्ण कोरडी होऊ द्यायची. शिवाय वाडगा स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचा नाही, कारण तब्येतीने ठणठणीत दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. आपल्याला हगवण, त्याला काहीच नाही. तेव्हापासून घरात लाल बादली आहे, लाल मग आहे, लाल ब्रश आहे. त्यांना स्वयंपाकघरात प्रवेश नाही आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मी कशाला शिवत नाही. माझ्या आजीने हे नियम वेगळ्या कारणांसाठी पाळले असते, पण पाळले असते हे नक्की.

कात टाकायची वेळ आली की बंडूचे डोळे दुधाळ निळे होतात. मग तो रुसून गुहेत बसतो, जेवत नाही. मी ओलं शेवाळ घातलेला डबा आत सरकवते. आठवडाभरात सकाळी फांदीला उलटा काढलेला लांब मोजा लटकलेला दिसतो. तो खिडकीपाशी उजेडात धरायचा आणि डोक्याकडच्या टोकाला डोळ्यांच्या दोन गोल काचा शोधायच्या. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. तोही कातीबरोबर निघायला हवा. एक, दोन. दोन्ही सापडल्या की मला दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटतं.

गेल्या श्रावणात सासूबाई आल्या. त्या बत्तीस शिराळ्याच्या. कोर्टाने बंदी घालण्याआधी तिथे नागपंचमीला जिवंत नाग पूजत, ते त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. बंडूला बघून त्या जराही दचकल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “फणा नाही गं याला. पण चालंल.”

नागपंचमीला सकाळी मी लाल बादली आणि चमचा घेऊन निघाले, तर त्या दारात उभ्या. “आज खणायचं नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही.”

“अहो आई, भुसा उपसतेय नुसता.”

“तेच ते.”

दुधाची वाटी आत ठेवण्यावरून पाऊण तास वाटाघाटी झाल्या. सापाला दूध पचत नाही, हे त्यांना पटलं नाही. पण ते भुशात सांडलं तर कुबट वास सुटेल, हे लगेच पटलं. शेवटी दूध-लाह्या काचेबाहेर. हळदकुंकूही काचेलाच. गवत कापायला गेलेला नवरा दिंडांच्या वासाने परत आला आणि हात जोडून उभा राहिला.

आणि बंडू बाहेर आला. दिवसा कधी न येणारा. सावकाश, ऐटीत, सगळ्यांकडे जीभ लवलवत त्याने पेटीचा फेरा मारला. सासूबाईंचे डोळे भरून आले. मग तो वाडग्यात उतरला, वेटोळं घातलं, शेपूट किंचित उचललं...

बराच वेळ कोणी बोललं नाही.

“आई,” मी म्हटलं, “खणायला बंदी आहे. ओतायला आहे का?”

त्यांनी वाडग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शास्त्र आठवून पाहिलं.

“ओत,” त्या म्हणाल्या. “फक्त माझ्या तुळशीत नको.”