पदकाचे मोल चांदीच्या भावावर ठरत नाही

जुन्या लष्करी पदकाची किंमत मुख्यतः त्यातील चांदीच्या वजनावर ठरते, हे एका लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. पहिल्या महायुद्धानंतर दिलेल्या ब्रिटिश वॉर मेडलमध्ये सुमारे एक औंस चांदी असते. पण पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठशांनी उमटवलेली असते, आणि संग्राहक पैसे मोजतो ते त्या ओळीसाठी. हेच पदक भारतीय, चिनी व माल्टाच्या श्रमिक दलांना कांस्यात दिले गेले. त्यात चांदीचा कणही नाही, तरी तुलनेने दुर्मीळ असल्यामुळे त्याला चांदीच्या पदकापेक्षा अधिक किंमत मिळू शकते. वजनाचा हिशेब इथे कसा लावणार?

कामठीच्या आमच्या एका नातेवाइकांनी पणजोबांचे पदक नागपूरच्या इतवारी बाजारात दाखवले, तेव्हा सराफाने काट्यावर ठेवून मोडीचा भाव सांगितला. कडेकडे त्याने पाहिलेही नाही. सुदैवाने ते पदक परत घरी आले. विकायचेच असेल, तर आधी भिंगाखाली कड वाचावी आणि व्हर्नियरने (बारीक मापाच्या मोजपट्टीने) व्यास मोजावा, कारण मूळ नाव कानसून दुसरे कोरले असेल, तर 36 मिलिमीटरचा व्यास किंचित कमी भरतो. आणि कृपा करून पदक चिंचेने किंवा पावडरीने घासू नका. अक्षरांच्या कडा झिजतात आणि जाणकार ते लगेच ओळखतात.