कासचं ‘मिकी माऊस’: ना ऑर्किड, ना सात वर्षांचा पाहुणा

पावसाळा सरत आला की एक संदेश गटागटांतून फिरू लागतो. दोन लाल ठिपके असलेल्या पिवळ्या फुलाचा फोटो आणि खाली मजकूर: ‘हे मिकी माऊस ऑर्किड. जगात फक्त कास पठारावर. सात वर्षांतून एकदाच फुलतं. यंदा चुकवू नका!’ फोटो बहुतेक वेळा खरा असतो. मजकुरातलं मात्र ‘मिकी माऊस’ हे लाडकं नाव तेवढं खरं.

आधी ऑर्किडचं पाहू. हा आहे कवला, कुठे कुठे बरका म्हणतात. शास्त्रीय नाव स्मिथिया. कूळ वाटाणा-हरभऱ्याचं. वाटाण्याचं फूल हातात घेऊन पाहा आणि मग हे पाहा. वर एक मोठी पाकळी, तिच्यावरच ते ठिपके. बाजूला दोन पंख. खालच्या दोन पाकळ्या जुळून झालेली होडी आणि तिच्या आत पुंकेसर. ऑर्किडमध्ये ही मांडणीच नाही, तिथे पुंकेसर आणि स्त्रीकेसर मिळून एकच खांब झालेला असतो. पानंही निराळी: कवल्याचं पान छोट्या पर्णिकांच्या जोड्यांचं, कडांना राठ केस. शेंग तर फारच सुंदर. सांध्यासांध्यांची, घडी घालून वाळक्या निदलपुंजात, म्हणजे फुलाच्या तळच्या वेष्टनात, लपवलेली. ती एकदा पाहिली की शंका उरत नाही.

‘फक्त कासला’ हे वाचून कोकणातल्या बायकांना नवल वाटेल. पालघर, ठाणे, रायगडकडे पावसाच्या सुरुवातीला कवल्याच्या कोवळ्या पाल्याच्या जुड्या बाजारात येतात आणि कांदा घालून त्याची भाजी होते. सह्याद्रीच्या सड्यांवर, माळांवर, भाताच्या बांधांवर कवले आहेत. काही जाती खरोखर फक्त पश्चिम घाटातल्या. त्यांतली एक, स्मिथिया आघारकरी, मालवणात जन्मलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकरांच्या नावाची. तिचं मोल सांगायचं तर तिच्या नावानिशी सांगावं. भाजीच्या कवल्याला ‘जगात दुर्मिळ’ ठरवल्यानं तिचं काहीच भलं होत नाही.

सात वर्षांची गोष्ट कारवीची. कारवी अडुळशाच्या कुळातली, बहुवर्षायू. तीही कासला आहे, म्हणून दोन्हींची सरमिसळ झाली असावी. कवला वर्षायू आहे. पावसाबरोबर बी रुजतं, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास फूल येतं, शेंग धरते आणि जांभ्यावरची ओल आटली की रोप वाळून जातं. पुढच्या पावसापर्यंत मागे राहतं ते फक्त बी. या संदेशातली हीच थाप मला सर्वांत घातक वाटते. सात वर्षांनी फुलणारं झुडूप म्हटलं की लोक समजतात, मूळ खाली शाबूत आहे, चार फुलं तुडवली तर काय बिघडलं. इथे खाली टिकून राहणारं काहीच नाही. सेल्फीसाठी सप्टेंबरात फुलांत बसकण मारली, तर तिथलं त्या वर्षाचं बी गेलं.

शेवटचं, ठिपके दिसले की एकच जात, हे गृहीतक. स्मिथियाच्या कित्येक जाती पिवळ्या फुलांच्या आहेत आणि ठिपके एकीपेक्षा अधिक जातींत दिसतात. स्मिथिया पुरपुरियाचं फूल तर जांभळं. नुसत्या समोरून काढलेल्या फुलाच्या फोटोवरून जात सांगणारं अ‍ॅप अंदाजच करतं. खोडावर केस आहेत का, पर्णिकांच्या किती जोड्या, निदलपुंजाच्या शिरा कशा, हे दिसायला हवं. म्हणून पायवाटेवरूनच, रोप न उपटता, पानाचा एक, फुलाच्या बाजूचा एक आणि निदलपुंजाचा जवळून एक, असे तीन फोटो काढा आणि ठिकाणासह जाणकाराला दाखवा.